इंग्रजी वाक्यातील स्वल्पविराम आणि मराठीतील प्रत्यय

वाचताना जेथे क्षणभर थांबावे लागते तेथे स्वल्पविराम द्यावा, असे आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत शिकवले गेले. मराठी लिहिताना या नियमाने फारसे बिघडत नाही, कारण वाक्यात कर्ता कोण, कर्म कोणते आणि हाक कोणाला मारली आहे, हे मराठीत प्रामुख्याने विभक्तीचे प्रत्यय सांगतात. विरामचिन्हांची पद्धत आपल्याकडे रुजली तीच मुळी एकोणिसाव्या शतकात, इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी. त्याआधीची कित्येक शतके मराठी या चिन्हांवाचून लिहिली आणि समजली जात होती. इंग्रजीने मात्र नामांचे बहुतेक प्रत्यय केव्हाच टाकून दिले. त्यामुळे आपल्याकडे जे काम प्रत्यय करतो, ते तेथे शब्दांचा क्रम आणि विरामचिन्हे यांना वाटून घ्यावे लागते.

संदिग्ध इंग्रजी वाक्य तपासण्याची रीत यातूनच मिळते. वाक्य मनातल्या मनात मराठीत उतरवावे आणि प्रत्येक नामाला कोणता प्रत्यय लागतो ते पाहावे. एकाच नामाला दोन निरनिराळे प्रत्यय लागू शकत असतील, तर त्या जागी चिन्हाची गरज आहे, असे समजावे.

सर्वात सोपा प्रकार हाक मारण्याचा. ‘आय डोन्ट नो, मॅडम’ याचा अर्थ ‘मला माहीत नाही, मॅडम’ असा होतो, तर स्वल्पविराम काढल्यावर तेच वाक्य ‘मी मॅडमना ओळखत नाही’ असे होऊन बसते. मराठीत ‘ना’ हा प्रत्यय हा घोटाळा होऊच देत नाही. ‘कॉल मी, डॉक्टर’ म्हणजे डॉक्टरांना केलेली फोनची विनंती, आणि ‘कॉल मी डॉक्टर’ म्हणजे स्वतःला डॉक्टर म्हणवून घेण्याची हौस. नियम एवढाच की, ज्याला उद्देशून बोलायचे त्याचे नाव किंवा संबोधन स्वल्पविरामाने वेगळे करावे, आणि ते वाक्याच्या मध्ये आले तर दोन्ही बाजूंनी.

यापेक्षा नाजूक आणि कार्यालयीन पत्रव्यवहारात अधिक महागात पडणारा प्रकार ‘हू’ आणि ‘विच’ यांचा आहे. ‘द क्लार्क्स हू वर्क्ड ऑन संडे विल गेट अ बोनस’ या वाक्यात बोनस फक्त रविवारी काम केलेल्या कारकुनांना मिळेल. ‘क्लार्क्स’नंतर आणि ‘संडे’नंतर स्वल्पविराम दिले, तर सगळ्याच कारकुनांनी रविवारी काम केले आहे आणि सगळ्यांनाच बोनस मिळणार आहे, असा अर्थ होतो. येथे मराठीची ‘जो–तो’ ही जोडी कसोटीला उपयोगी पडते. ‘ज्या कारकुनांनी रविवारी काम केले त्यांनाच’ असे म्हणायचे असेल, तर स्वल्पविराम नको. मधला मजकूर कंसात टाकण्याजोगी जादा माहिती असेल, तर स्वल्पविराम दोन हवेत. एकच देणे ही चूकच होय. ‘माय वाइफ हू लिव्ह्ज इन नाशिक’ असे बिनस्वल्पविरामाचे लिहिणाऱ्या गृहस्थाला आणखी एक पत्नी दुसऱ्या गावी असावी, असा संशय काटेकोर वाचकाला येऊ शकतो. नावाने सांगितलेले शहर, आई, चालू वर्ष अशा एकमेव गोष्टींना ‘जो–तो’ लावता येत नाही, म्हणून त्यांच्यामागून येणाऱ्या अशा मजकुराला स्वल्पविराम लागतातच.

यादीतील शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’पूर्वी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावर इंग्रजी लिहिणाऱ्यांतच एकमत नाही. अमेरिकेतील ग्रंथप्रकाशक तो सहसा देतात, तर ब्रिटिश वृत्तपत्रे सहसा गाळतात. हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हे अमेरिकेतील मेन राज्यातील ओकहर्स्ट डेअरीच्या खटल्यात दिसून आले. त्या राज्याच्या कायद्यानुसार आठवड्याला 40 तासांहून अधिक केलेल्या कामाचा जादा मोबदला द्यावा लागे. मात्र नाशवंत खाद्यपदार्थांसंबंधीची काही कामे त्यातून वगळली होती. त्या कामांची यादी ‘कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग’ अशी सुरू होऊन ‘स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ अशी संपत होती, आणि ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. दूध पोहोचवणाऱ्या चालकांचे म्हणणे असे की, वगळलेले काम फक्त ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी करणे’ हे आहे. आम्ही बांधणी करतच नाही, म्हणून जादा मोबदला आम्हाला मिळाला पाहिजे. कंपनी म्हणत होती की, ‘पाठवणीसाठी बांधणी करणे’ हे एक काम आणि ‘वितरण करणे’ हे दुसरे. सगळा वाद ‘वितरण’ या शब्दाला ‘साठी’ लागते की नाही, यावर उभा होता, आणि मराठीत तो उद्भवलाच नसता. चालकांच्या बाजूने आणखी एक मुद्दा असा होता की, यादीतील सगळ्या कामांच्या शेवटी ‘इंग’ आहे, तर ‘डिस्ट्रिब्यूशन’चे रूप त्यांच्याशी न जुळता ‘शिपमेंट’शी जुळते. वाक्य संदिग्ध असल्याचे सांगून अपील न्यायालयाने मार्च 2017 मध्ये चालकांच्या बाजूने निर्णय दिला, आणि 2018 मध्ये कंपनीने 50 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. पुढे राज्याने कायद्यातले हे वाक्य दुरुस्त केले, तेव्हा कामांच्या मध्ये अर्धविराम घातले आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’चे ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ केले. करार, निविदा किंवा नियमावली लिहिणाऱ्याने यादीतला शेवटचा स्वल्पविराम नेहमी द्यावा, असे माझे मत आहे; शिवाय यादीतील सर्व शब्दांचे व्याकरणिक रूप एकसारखे ठेवावे, कारण ती सवय चिन्हाहूनही अधिक भरवशाची आहे.

अपॉस्ट्रॉफीबद्दल, म्हणजे अक्षराच्या वरच्या बाजूला येणाऱ्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाबद्दल, थोडेच सांगणे पुरे. आपल्याकडे ‘बहिणीचे घर’ आणि ‘बहिणींचे घर’ यांतला फरक अनुस्वार दाखवतो; इंग्रजीत तो अपॉस्ट्रॉफीच्या जागेने कळतो. ती ‘एस’ या अक्षराच्या आधी असेल तर बहीण एक, नंतर असेल तर अनेक. उच्चारात मात्र काहीच फरक पडत नाही, म्हणून मोठ्याने वाचून ही चूक सापडत नाही.

संयोगचिन्हाचे उदाहरण हिशेबाचे आहे. ‘ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स’ म्हणजे चार तासांच्या वीस पाळ्या, एकूण 80 तास. ‘ट्वेंटी-फोर अवर शिफ्ट्स’ म्हणजे एकेका तासाच्या 24 पाळ्या. दोन्ही ठिकाणी संयोगचिन्ह दिले, म्हणजे ‘ट्वेंटी-फोर-अवर शिफ्ट्स’ असे लिहिले, तर प्रत्येक पाळीच 24 तासांची होते, आणि अशा पाळ्या किती ते कळत नाही. पाळ्यांची संख्या अंकात आणि तासांची अक्षरात लिहिली तर वाचकाची सोय होते. ‘रिझाइन’ म्हणजे राजीनामा देणे. त्याच अक्षरांत ‘आर-ई’नंतर संयोगचिन्ह घातले की पुन्हा करारावर सही करणे. खेळाडूंच्या बातम्यांत हे चिन्ह गळले तर बातमीच उलटी होते.

नकारानंतर येणारे ‘बिकॉज’ हा शेवटचा आणि सर्वात फसवा प्रकार. ‘ही डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी’ या वाक्यात त्याने नोकरी सोडली की नाही? ‘बिकॉज’पूर्वी स्वल्पविराम दिला तर त्याने नोकरी सोडली नाही आणि त्याचे कारण पगार, दिला नाही तर बहुधा त्याने सोडली, पण पगारामुळे नव्हे. येथे मराठीची कसोटीही लंगडी पडते, कारण ‘त्याने पगारामुळे नोकरी सोडली नाही’ हे आपले वाक्यही तितकेच दुटप्पी आहे. अशा ठिकाणी चिन्हावर भिस्त न ठेवता वाक्यच बदलावे: तो टिकून राहिला असेल तर ‘ही स्टेड बिकॉज ऑफ द सॅलरी’ असे लिहावे, आणि सोडून गेला असेल तर ‘ही लेफ्ट, बट नॉट बिकॉज ऑफ द सॅलरी’ असे.