दुखत नव्हतं, भीती वाटत होती

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे मी डावा हात पोटाशी धरून वावरत होते, जणू कुणाकडून उसना आणलाय. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम अगदी साधा होता: भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीच्या पावलांनी वर चढवायची. तरी मी रोज टाळायचे.

तुमचंही असंच होत असेल, तर "आज मन नाही" एवढ्यावर सोडू नका. कागदावर लिहा, "आज व्यायाम केला नाही, कारण..." आणि वाक्य पुरं करा. माझ्या कागदावर चार दिवसांत तीन निरनिराळी कारणं निघाली.

पहिलं, हात सुजेल. काखेतल्या गाठी काढल्यावर सूज येण्याचा धोका असतो, तो नाकारू नका. पण "जड उचलू नका" हा जुना धाक आता टिकलेला नाही. 1996 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी आजारातून उठलेल्या 24 बायकांना चक्क ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला बसवलं. कुणालाही नव्याने सूज आली नाही. आधीच सूज असलेल्या बायकांना हळूहळू वाढवत वजनं उचलायला देऊन पाहिलं, तर त्यामुळे तीही वाढली नाही. वजनांचा हा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. यातलं "हळूहळू" विसरू नका. डॉक्टरांची परवानगी घ्या, सुरुवात कुणाच्या तरी देखरेखीखाली करा. अंगठी घट्ट व्हायला लागली किंवा हात जड वाटला, तर थांबून दाखवून या.

दुसरं, थकवा. केमोचा थकवा नुसतं पडून राहून जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. मी स्वतःशी करार केला: पाच मिनिटं चालायचं, तरीही नको वाटलं तर मागे फिरायचं. मागे फिरले तरी दहा मिनिटं होतातच! आठवड्यातून तीनदा अर्धा तास, हा तज्ज्ञांचा आकडा पुढच्या मुक्कामाचा. पहिल्या दिवशी तो डोक्यात नको. ताप, चक्कर, छातीत दुखणं, धाप असेल त्या दिवशी मात्र सुट्टी.

तिसरं लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. लोक बघतील. एका बाजूला सपाट छाती, डोक्यावर सारखा घसरणारा स्कार्फ. यावर धीटपणाचा सल्ला मी देणार नाही. सैल शर्ट घाला, पहिले काही दिवस घरातच चाला, मग एका मैत्रिणीला सोबत घ्या आणि आजाराबद्दल बोलायचं नाही, हे तिला आधीच बजावा.

आणि हो, "तू नुसती पडून राहा" म्हणणाऱ्या घरच्यांना एकदा फिजिओथेरपिस्टकडे घेऊन जा. आपण सांगून त्यांना पटत नाही.

बोटं पोचतील तिथे भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी तारीख टाका. रेडिएशनच्या दिवसांत माझी रेघ चार बोटं खाली उतरली होती. तीही मारली, तारखेसकट.