ओल असूनही टोमॅटो तहानलेले: माझा अनुभव

टोमॅटो दुपारी माना टाकायचे, म्हणून मी पाणी वाढवत गेलो. तरी खालची पानं पिवळी पडून गळतच होती. मग वरंब्यावर पांढरा थर दिसला. जिभेला लावला तर खारट. माती तपासली, क्षारता ४.६ डेसिसायमन प्रति मीटर. टोमॅटोचं उत्पन्न २.५ च्या वर घटू लागतं.

मातीत मीठ वाढलं की ओल असूनही मुळांना पाणी ओढणं जड जातं. झाड ॲब्सिसिक आम्ल हे ताणाच्या वेळचं संप्रेरक वाढवतं, त्यानं पानांची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मिटतात. पाणी वाचतं, पण वाढ खुंटते. इथिलीन हे दुसरं, वायुरूप संप्रेरक वाढलं की जुनी पानं गळतात. आणि मी बोअरचं खारं पाणी पाजत होतो! फार वाईट वाटलं.

आधी कडेनं चर काढला. निचरा नसेल तर मीठ जाणार कुठे? मग विहिरीच्या गोड पाण्यानं क्षार खाली धुतले, वर पाचट अंथरलं. तीन आठवड्यांनी शेंड्याला कोवळी, हिरवीगार पानं फुटली.