'उचल गं, झालंच की!' आणि लीगमधल्या बाकीच्या चुका

गोल्फमध्ये स्ट्रोक प्लेच्या दिवशी, म्हणजे अख्ख्या राउंडचे एकूण फटके मोजून निकाल लागतो त्या दिवशी, तुमचा सामना फक्त तुमच्या चौघींत नसतो. त्या दिवशी स्कोअरकार्ड घेतलेल्या प्रत्येकीशी असतो. तीन होल पुढे खेळणाऱ्या, अख्ख्या राउंडमध्ये तुम्हाला एकदाही न दिसलेल्या बाईशीसुद्धा. एवढं ध्यानात राहिलं तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत. पण "आपल्या चौघींत काय एवढं" हे वाक्य कोर्सवर रोज ऐकू येतं, आणि कमिटीच्या टेबलावर कार्डं आली की त्याचे परिणाम आम्हाला निस्तरावे लागतात.

दिलेला पट

सगळ्यात जुनी आणि दिसायला सगळ्यात गोड चूक ही. चेंडू होलपासून दीड फुटावर थांबलाय. सोबतची म्हणते, "उचल गं, झालंच की!" आणि ती उचलते. दोघींच्या मनात काहीही वाईट नसतं. पण पट, म्हणजे ग्रीनवरून (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरून) चेंडू होलमध्ये घालायचा हलका फटका, न मारताच पडला असं धरून देण्याचा अधिकार फक्त मॅच प्लेमध्ये, म्हणजे समोरासमोर एकेक होल जिंकायच्या सामन्यात, आहे, कारण तिथे नुकसान झालंच तर ते देणारीचं होतं. स्ट्रोक प्लेमध्ये तुम्ही जो पट देता तो तुमचा नसतोच, तो बाकी सगळ्यांच्या पदरचा असतो. चेंडू होलमध्ये पडेपर्यंत होल संपत नाही.

एका मंथली मेडलला, म्हणजे महिन्याच्या स्ट्रोक प्ले स्पर्धेला, हे फार वाईट रीतीने समोर आलं. अठराव्या ग्रीनवर एकीचा चेंडू होलजवळ थांबला. ऊन चढलेलं, मागचा गट फेअरवेवर खोळंबलेला. मार्कर असलेल्या, म्हणजे तिचं कार्ड लिहिणाऱ्या, मैत्रिणीने हात हलवला, हिने चेंडू उचलला, एक पट धरून पाच लिहिले, दोघींनी सह्या करून कार्ड दिलं. निकालात ही नेटमध्ये, म्हणजे हँडिकॅपचे (खेळाच्या दर्जानुसार मिळणाऱ्या सवलतीचे) फटके वजा केल्यावर, एका फटक्याने पहिली आली. दुसरी आलेली बाई आधीच्या गटातली. तिचा त्याच ग्रीनवर जवळपास तेवढाच पट होलच्या कडेला घासून बाहेर राहिला होता आणि तिने तो फटका मुकाट्याने मोजला होता. ती काही बोलली नाही. तिची मार्कर बोलली, कारण तिने क्लबहाऊसच्या पायऱ्यांवरून तो उचललेला चेंडू पाहिला होता. आम्ही विचारल्यावर पहिलीने लगेच सांगितलं, तिच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. आम्हाला तिला बाद करावं लागलं. हात हलवणारी मैत्रीण बक्षीस समारंभाला थांबलीच नाही.

हळहळ याची वाटते की हे एका फटक्यात निभावलं असतं. ग्रीनवर खूण न ठेवता चेंडू उचलला तर एका फटक्याचा दंड. चेंडू जागेवर परत ठेवायचा, पट मारायचा, होल पुरा करायचा. पुढच्या टीवरून, म्हणजे पुढचा होल सुरू करायच्या जागेवरून, फटका मारण्याआधी हे करता येतं, शेवटचा होल असेल तर कार्ड देण्याआधी. पट पडला असता तर ती बाद होण्याऐवजी बरोबरीत आली असती. आणि नियम माहीत असताना दोघींनी ठरवून तो बाजूला ठेवला असेल, तर दोघीही बाद होतात.

माझी सवय साधी आहे. कोणी पट दिला तर "थँक यू, पण मारते" म्हणते आणि मारते. नवी खेळाडू सोबत असेल तर पहिल्या टीवरच सांगून ठेवते, "आज कोणी कोणाला काही देणार नाही." मग राउंडभर कोणाला अवघडल्यासारखं होत नाही.

मॅच प्लेमध्ये पट द्या, पण तोंडाने स्पष्ट द्या. २०१५च्या सोलहाइम कपमध्ये, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका अशा महिलांच्या स्पर्धेत, जर्मनीत सतराव्या होलवर अमेरिकेच्या अ‍ॅलिसन लीने पट दिला गेलाय असं समजून चेंडू उचलला. युरोपच्या सुझान पेटरसनने सांगितलं की आम्ही दिलाच नव्हता. होल युरोपला गेला, त्यावर प्रचंड वाद झाला, आणि दुसऱ्या दिवशी पेटरसनने माफी मागितली. एवढ्या मोठ्या खेळाडूंची ही गत होते, तर आपण मान डोलावण्यावर किंवा चालायला लागण्यावर विसंबून राहू नये. ऐकू आलं नाही तर विचारा. एकदा दिलेला पट मागे घेता येत नाही, हेही देणारीने लक्षात ठेवावं.

यातूनच निघणारा आणखी एक गैरसमज म्हणजे नेट डबल बोगी. २०२० साली वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आली तेव्हापासून हँडिकॅप काढताना एका होलचा स्कोअर पार (त्या होलला अपेक्षित असलेले फटके) अधिक दोन अधिक त्या होलला मिळणारे तुमचे फटके, इतक्यावरच थांबतो. हे हँडिकॅपच्या हिशेबापुरतं आहे. मेडलमध्ये "माझी नेट डबल बोगी झाली, मी उचलते" म्हणून चेंडू खिशात टाकलात तर कार्ड बाद. स्टेबलफर्डमध्ये, जिथे प्रत्येक होलला गुण मिळतात, मात्र खुशाल उचला, तिथे नेट डबल बोगीला शून्यच गुण असतात आणि उचलल्याने सगळ्यांचा वेळ वाचतो. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत १९३२ साली इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर स्पर्धेत आली. एक होल बिघडला म्हणून सगळी फेरी हातची जाऊ नये, हाच तिचा उपयोग. ग्रिप धरायला शिकल्याबरोबर ज्यांना मेडल खेळायचं असतं त्यांना मी कळकळीने सांगते की पहिला सीझन स्टेबलफर्ड खेळा. घाई केलेल्या बहुतेकजणी दहा-अकरा फटक्यांच्या होलनंतर रडवेल्या होऊन खेळच सोडतात, हे मी पाहिलंय.

'मिळेल गं' आणि 'अजून एक मारते'

टीवरून चेंडू उजवीकडे झाडीत गेला. "मिळेल गं, कशाला दुसरा मारायचा, उगाच वेळ!" असं म्हणून चौघी पुढे जातात, शोधतात, चेंडू मिळत नाही. नियमाने तिने आता टीवर परत जायला हवं. ती मागे वळून बघते तर मागचा गट टीवर उभा. मग कोणीतरी सुचवतं, "इथेच टाक आणि दोन घाल." वेळ वाचवायला निघालेल्या बाईने वेळही घालवला आणि नियमही मोडला. कमिटीने स्ट्रोक अँड डिस्टन्सला, म्हणजे एका फटक्याच्या दंडाने आधीच्या जागी परत जाऊन मारण्याला, पर्याय देणारा लोकल रूल लागू केला असेल, तरच दोन फटक्यांच्या दंडाने त्या भागात चेंडू ड्रॉप करता (हातातून खाली सोडता) येतो. तो लागू आहे की नाही हे त्या दिवसाच्या नोटिशीत लिहिलेलं असतं, झाडीत उभं राहून चौघींनी मत देऊन ठरत नाही.

दुसरी तऱ्हा याहून त्रासाची. चेंडू जातो, ती खिशातून दुसरा काढते, म्हणते "अजून एक मारते" आणि मारते. झालं, तिचा पहिला चेंडू संपला. तो पुढे फेअरवेच्या कडेला छान बसलेला मिळाला तरी संपला, कारण दुसरा चेंडू आता खेळात आहे आणि टीवरचा तो तिसरा फटका आहे. नियम स्पष्ट आहे: दुसरा चेंडू तात्पुरता, पहिला मिळाला नाही तरच मोजायचा असेल, तर 'प्रोव्हिजनल' हा शब्द वापरा, किंवा प्रोव्हिजनल मारतेय हे निःसंशय कळेल असं बोला. नुसतं 'पुन्हा मारते', 'दुसरा मारते' चालत नाही. हे कळवळून सांगायचं कारण म्हणजे अशा वेळी पहिला चेंडू सापडल्याच्या आनंदात ती तोच खेळते. तो चुकीचा चेंडू ठरतो, दोन फटके दंड, आणि पुढच्या टीआधी दुरुस्त केलं नाही तर बाद. एका शब्दाची किंमत इतकी होते.

शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात. २०१९च्या बदलांआधी पाच होती. ती तुम्ही शोधायला सुरुवात केल्यापासून मोजतात. चेंडू नक्की पेनल्टी एरियातच (पाणी वगैरेच्या आखून दिलेल्या भागात) गेलाय अशी खात्री असेल तर प्रोव्हिजनल मारताच येत नाही, तिथे त्या एरियाचा नियम लागतो. मी दुसरा चेंडू कायम उजव्या खिशात ठेवते, बॅगेत नाही, आणि शंका आली की मार्करच्या डोळ्यात बघून म्हणते, "प्रोव्हिजनल, टायटलिस्ट तीन, हिरवे ठिपके." पहिला कोणत्या नंबरचा होता तेही सांगते. पाच सेकंद लागतात.

त्यावरून आठवलं, चेंडूवर खूण करा. चौघींत दोघींकडे एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे चेंडू असणं ही रोजची गोष्ट आहे.

छोट्या पण रोजच्या

हवेत गेलेला फटका मोजतात. मारायच्या इराद्याने क्लब फिरवला की तो फटका, चेंडू हलो न हलो. सराव करताना टीवरचा चेंडू चुकून पडला तर मात्र काही दंड नाही, पुन्हा ठेवा.

ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. खांद्यावरून नाही.

बंकरमध्ये पानं, खडे बाजूला करायला २०१९पासून परवानगी आहे. सरावाच्या स्विंगमध्ये वाळूला क्लब लागला तर अजूनही दोन फटके.

पट मारताना झेंडा होलमध्ये ठेवायचा की काढायचा हे पट मारणारी ठरवते. बाकीच्यांनी आपला आग्रह धरू नये.

रेंजफाइंडरचा (अंतर मोजायच्या यंत्राचा) स्लोप, म्हणजे चढ-उतार मोजायची सोय, बंद ठेवा.

तयार असेल तिने मारावं. स्ट्रोक प्लेमध्ये लांबची कोण, याची वाट बघत बसायची गरज नाही. पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा अशी नियमांतच शिफारस आहे. सरावाचे चार स्विंग करणाऱ्यांनी ते दुसरी मारत असताना लांब उभं राहून, आवाज न करता करावेत.

"कुठला क्लब काढलास?" हा प्रश्न स्पर्धेत विचारायचा नाही, दोन फटके दंड. झेंडा किती यार्डांवर आहे, पाणी कुठून सुरू होतं, हे विचारायला हरकत नाही. नव्या मुलीला दर फटक्याआधी "खांदा वळव, डोकं खाली" सांगणाऱ्या ज्येष्ठ मैत्रिणींनाही हेच लागू आहे, आणि दंड सांगणारीला बसतो. त्यांचा हेतू मला कळतो. पण शिकवायचं तर ड्रायव्हिंग रेंजवर शिकवा.

दंड दिसला तर तिथेच सांगा, हे माझं सगळ्यात ठाम मत आहे. तिसऱ्या होलवर पाहिलेली गोष्ट चहाच्या टेबलावर काढणं हा अन्याय आहे, कारण तोवर बिचारीच्या हातून दुरुस्त करायची वेळ गेलेली असते. त्या मेडलच्या दिवशी पायऱ्यांवरून पाहणारीने तेव्हाच हाक मारली असती, तर कोणी बाद झालं नसतं.

कार्ड

१९५७ची यूएस विमेन्स ओपन, विंग्ड फूट क्लब. जॅकी पंगने २९८ फटक्यांत, सगळ्यांत कमी, स्पर्धा संपवली. शेवटच्या फेरीत चौथ्या होलला तिला सहा फटके लागले होते, कार्डावर पाच लिहिले गेले. बेरीज बरोबर होती. तरी ती बाद झाली आणि २९९वाली बेट्सी रॉल्स विजेती ठरली. पंगबरोबर खेळणाऱ्या बेटी जेमसनचंही त्याच होलला तेच झालं, सहाच्या जागी पाच, आणि तीही बाद. दोघी एकमेकींची कार्डं लिहीत होत्या.

बेरीज आणि हँडिकॅपचा हिशेब कमिटी बघते. प्रत्येक होलचा आकडा तुमची जबाबदारी. जास्त लिहून दिलात तर तोच जास्त आकडा राहतो, कमी लिहिलात तर बाद. अपवाद एकच: जो दंड लागलाय हे तुम्हाला कार्ड देताना माहीतच नव्हतं, तो नंतर मिळवला जातो. मी पुढच्या टीवर पोचल्यावर प्रत्येक होलचा स्कोअर मोठ्याने विचारते आणि शेवटी सहीआधी अठरा आकडे मार्करला वाचून दाखवते. फोटोग्राफर बोलावत असला तरी. ग्रुप फोटोच्या गडबडीत सही न केलेलं कार्ड पेटीत टाकणाऱ्या बायका प्रत्येक स्पर्धेत असतात.

आणि नियम आठवेना, चौघींत एकमत होईना, तर वाद घालत उभ्या राहू नका, बहुमतही घेऊ नका. स्ट्रोक प्लेमध्ये दोन चेंडूंनी होल पुरा करता येतो. पुढचा फटका मारण्याआधी मार्करला सांगा की दोन खेळतेय आणि नियमाने चालत असेल तर कुठला मोजायचा. मग कार्ड देण्याआधी सगळी हकीकत कमिटीला सांगा, दोन्ही चेंडूंचा स्कोअर सारखा आला तरीसुद्धा. ते सांगायचं राहिलं तर त्यासाठीही बाद करतात.