डोस घेतला का, हे ओळखणारा बाटलीखालचा पाट घरी कसा बनवावा

माझी आई गोव्यात डिचोलीला असते, मी पर्वरीला. तिला सकाळ-संध्याकाळ १५ मिली लॅक्टुलोज, म्हणजे पोट साफ होण्याचं गोड सिरप, घ्यावं लागतं. रात्री फोनवर "औषध घेतलंस?" विचारलं की उत्तर यायचं, "घेतलं असणार." त्या 'असणार'पायी हा सगळा उद्योग झाला. गोळ्यांचं एक बरं असतं, स्ट्रिपमधला खळगा फुटलेला दिसला की विषय संपला. सिरपच्या बाटलीत काल कुठवर औषध होतं, हे कोण लक्षात ठेवणार? आणि हे काही आमच्या घरापुरतं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालात म्हटलंय की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांवरची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी निम्मेच.

सोल्डरिंग जमत असेल आणि आर्डुइनोवर (शिकाऊंसाठीच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर) एखादा दिवा लुकलुकवून पाहिला असेल, तर हे दोन शनिवार-रविवारचं काम आहे.

आधी ठरवा, ओळखायचं काय?

झाकण उघडणं, बाटली उचलणं, औषध बाहेर पडणं आणि ते पोटात जाणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. चौथी घरगुती यंत्राला कळत नाही, त्या नादाला लागू नका. तिसरीपर्यंत मात्र पोचता येतं.

माझा पहिला नमुना पहिल्याच गोष्टीत अडकला. झाकणावर चिमुकलं चुंबक आणि बाटलीच्या मानेला रीड स्विच (चुंबक जवळ आहे की दूर, हे ओळखणारा), झाकण निघालं की नोंद. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत सात डोस! घाबरून फोन केला, तर आई शांतपणे म्हणाली, "अरे, मुंग्या लागल्या होत्या. झाकण धुऊन घेत होते, परत परत बघत होते." नोंद खरी होती, अर्थ चुकीचा होता.

मग बाकीचे पर्याय पाहिले. पाण्याच्या प्रवाहाचा तो काळा वायएफ-एस २०१ सेन्सर सगळीकडे सुचवला जातो. तो मिनिटाला १ ते ३० लिटर प्रवाहासाठी आहे. १५ मिली औषध पाच सेकंदांत ओतलं तर प्रवाह भरतो मिनिटाला ०.१८ लिटर, त्याची चक्री हलणारसुद्धा नाही. अल्ट्रासॉनिक सेन्सरने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून, पातळी मोजायची म्हणाल, तर ६ सेंटीमीटर व्यासाच्या बाटलीत १५ मिलीने पातळी उतरते जेमतेम ५ मिलिमीटर, आणि त्या स्वस्त सेन्सरची अचूकताच ३ मिलिमीटरची. पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत दाबत द्रव पुढे ढकलणारा) लावून बटण दाबलं की मोजून औषध देणारं यंत्र दिसायला झकास असतं. पण त्याची नळी रोज धुणार कोण? चिकट सिरप नळीत सुकतं, आणि पुढचा डोस कमी पडतो.

शिवाय एक नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला: औषधाला आपली कुठलीही वस्तू लागता कामा नये. थ्रीडी प्रिंट केलेली बाटली तर नकोच, तिच्या थरांच्या फटींत जंतूंना घर मिळतं. औषध कंपनीच्या मूळ बाटलीतच राहू द्या, म्हणजे लेबल, मुदतीची तारीख आणि झाकण सगळं शाबूत राहतं.

राहिलं वजन. बाटली ठेवायला एक छोटा पाट, आणि पाटाखाली काटा. आईने काही नवीन शिकायचं नाही. बाटली उचलायची, ओतायचं, जागेवर ठेवायची, एवढंच.

सामान

१ किलोचा पट्टीवाला लोडसेल (वजन जोखणारा सेन्सर), एचएक्स ७११ मॉड्यूल (लोडसेलचा क्षीण संदेश वाचून आकडा देणारं), ईएसपी ३२ बोर्ड (आर्डुइनोसारखाच, पण वायफाय असलेला), डीएस ३२३१ घड्याळ, एक हिरवा आणि एक पिवळा एलईडी, एक छोटा बझर, आणि वीज गेली तर काम चालावं म्हणून १८६५० सेल (चार्ज होणारा लिथियम सेल). सेलसाठी मॉड्यूल घेताना, चार्ज होता होता पुढे वीज देणारं आहे ना, ते बघून घ्या.

५ किलोचा लोडसेल दुकानात पटकन मिळतो म्हणून घेऊ नका. २०० मिलीची भरलेली बाटली तीनशे ग्रॅमच्या आसपास असते. मोठ्या सेलवर तेवढ्याशा वजनाचा संदेश फारच क्षीण येतो.

लोडसेल बसवणं

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया. लोडसेल म्हणजे ॲल्युमिनियमची पट्टी, मधे पोखरलेली, वर पांढऱ्या सिलिकॉनखाली ताण मोजणाऱ्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या. वजन पडलं की ती डोळ्यांना दिसण्याएवढीही वाकत नाही, पण तेवढं वाकणंच मोजलं जातं. म्हणून तिला वाकायला मोकळीक हवी. एक टोक खालच्या फळीला, दुसरं टोक वरच्या पाटाला, आणि दोन्हीकडे स्क्रूखाली दोन-दोन वॉशर. वॉशर विसरलात तर पट्टी फळीला टेकते आणि वजन कितीही ठेवा, आकडा ढिम्म हलत नाही. मी एक अख्खी संध्याकाळ कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो, चूक होती दोन वॉशरची. पट्टीच्या टोकावर बाण छापलेला असतो, तो खाली, वजन जिकडे ओढतं त्या दिशेला ठेवा.

मोकळ्या टोकाच्या खाली, अगदी थोडं अंतर ठेवून, फळीत एक स्क्रू उभा ठेवा. कुणी पाटावर हात टेकून उठलं तर भार त्या स्क्रूवर जातो, पट्टी वाचते.

लोडसेलच्या चार तारा एचएक्स ७११ ला जोडा: लाल आणि काळी ई-प्लस, ई-मायनसला, हिरवी आणि पांढरी ए-प्लस, ए-मायनसच्या जोडीला. रंगांवर फार विसंबू नका. वजन ठेवल्यावर आकडा उलटा उतरला, तर ए-च्या दोन तारांची अदलाबदल करा.

काटा लावणं

वजनं विकत आणायची गरज नाही. औषधाच्या दुकानातून १० मिलीची सुई नसलेली सिरिंज आणा. हलका पेला पाटावर ठेवून आकडा शून्य करा आणि एकेक सिरिंज पाणी घाला. १० मिली पाणी म्हणजे १० ग्रॅम, आपल्या कामापुरतं अगदी चोख. दहा सिरिंज घालून प्रत्येक वेळी आकडा लिहून घ्या, वाढ सारखी असली पाहिजे.

आता औषधाचं वजन. १५ मिली सिरप म्हणजे १५ ग्रॅम हा हिशेब इथे फसतो. साखरेची सिरपं पाण्यापेक्षा बरीच जड असतात. लॅक्टुलोज मिलीला साधारण १.३३ ग्रॅम भरतं, म्हणजे १५ मिलीचा डोस जवळजवळ २० ग्रॅमचा. तुमचं औषध वेगळं असेल, तर पुढचा नेहमीचा डोस मापाच्या झाकणात घ्याल तेव्हा ते झाकण आधी रिकामं, मग भरलेलं, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. औषध वायाही जात नाही. घरातला चमचा मात्र माप म्हणून वापरू नका. ५ मिलीचा म्हणावा तो चहाचा चमचा प्रत्येक घरात वेगळा असतो.

डोस कसा ओळखायचा

कोडचा गाभा चार वाक्यांत सांगता येतो. बाटली पाटावर स्थिर असताना वजन लक्षात ठेवा. आकडा एकदम शून्याजवळ आला म्हणजे बाटली उचलली. ती परत आल्यावर आकडा दोन सेकंद स्थिर राहीपर्यंत थांबा. आधीच्या वजनातून आताचं वजा करा.

फरक ३ ग्रॅमहून कमी असेल तर बाटली नुसती उचलली, मुंग्या बघितल्या, पुसून ठेवली. १६ ते २४ ग्रॅम असेल तर डोस. ३० च्या पुढे गेला तर दुप्पट घेतलं किंवा सांडलं, त्यावर निकाल देऊ नका, फक्त 'विचारा' अशी खूण करा. मधल्या अडनिड्या आकड्यांनाही तीच खूण. वजन एकदम दोनशे ग्रॅमच्या वर वाढलं, तर नवी बाटली आली.

लोडसेलचा आकडा दिवसभरात सरकतो. ऊन वाढलं की सरकतो, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तर फारच. पण आपण तुलना करतो ती उचलण्यापूर्वीच्या आणि परत ठेवल्यानंतरच्या वजनाची, मधे जातात दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात सरकून सरकणार किती? आणि बाटली हवेत असते तेव्हा पाट रिकामा असतो, दरवेळी तिथेच नवं शून्य घ्या, आणि उचलण्यापूर्वीचं वजनही त्याच शून्यावरून धरा. मात्र त्या क्षणी आकडा शून्यापासून १० ग्रॅम दूर दिसला, तर शून्य घेऊ नका. पाटावर चमचा पडलाय.

चमच्यावरून आठवलं, पाटाचा आकार बाटलीच्या बुडाएवढाच ठेवा. माझा पाट आधी ऐसपैस होता, त्यावर आईने चमचा, चष्मा आणि एकदा अबोलीची वेणी ठेवली. जागा दिसली की माणूस काहीतरी ठेवणारच.

वाचन चालू असताना वायफाय बंद ठेवा. ईएसपी ३२ संदेश पाठवू लागला की एचएक्स ७११ चे आकडे थरथरतात. आधी मोजा, नोंद बोर्डाच्या फ्लॅश मेमरीत लिहा, मग वायफाय चालू करून पाठवा. जुलैत लाइट गेली की नेट जातंच, नोंदी साठून राहिल्या तर नंतर सावकाश जातील. वेळेसाठी डीएस ३२३१ घ्यायचं तेही यासाठीच, ते वर्षभरात मिनिटभर चुकलं तर चुकलं.

गोव्याची हवा आणि मुंग्या

एचएक्स ७११ चं काम मायक्रोव्होल्टचं, त्यावर ओल धरली की आकडे भरकटतात. सगळं तपासून झाल्यावर मॉड्यूलवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, कनेक्टरच्या पिना सोडून. पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. तार बाहेर काढण्याच्या भोकाला सिलिकॉन लावा, नाहीतर गोडाच्या वासाने मुंग्या आत वारूळ करतील. जुन्या दुधाच्या कपाटासारखे पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचा मोह मला झाला होता. विजेच्या वस्तूखाली पाणी नको म्हणून सोडून दिला.

'हलवून घ्या' असं लिहिलेली सस्पेन्शनं आणि फ्रिजमध्ये ठेवायची ॲन्टिबायोटिक सिरपं या पाटाच्या कामाची नाहीत. पहिल्यात बाटली हलवली का हे वजनाला कळत नाही, दुसऱ्यात थंडी आणि दव लोडसेलला वेडं करतात.

आठवण कशी द्यायची

सात वाजता कर्कश बझर लावलात तर तिसऱ्या दिवशी वायर उपटलेली सापडेल. आई सकाळचं औषध घेते पोदेर (पाववाला) येऊन गेल्यावर, त्याचा हॉर्न कधी साडेसहाला वाजतो, कधी सव्वासातला. म्हणून मी सहा ते नऊ अशी खिडकी ठेवली. त्यात डोस झाला की हिरवा दिवा दहा सेकंद. नऊपर्यंत झाला नाही तर एक हलकी टिंग. डोस चुकल्याचा मेसेज मला येतो तो लागोपाठ दोन डोस चुकले तरच. ही अट आईने घातली, पाट ठेवून घ्यायच्या आधी. "मी काय कैदी आहे?" हे तिचे शब्द. नोंदी कोणाला दिसणार हे औषध घेणाऱ्या माणसाला विचारूनच ठरवा.

पाटाने 'आता घ्या, राहिलाय' असंही सांगू नये. चुकलेल्या डोसचं काय करायचं ते औषधागणिक बदलतं. लॅक्टुलोजची मात्रा तर यकृताच्या आजारात पोट दिवसातून दोन-तीनदा मऊ साफ होण्याच्या बेताने डॉक्टर कमी-जास्त करतात. मात्रा बदलली की कोडमधला २० ग्रॅमचा आकडाही बदलायला हवा, ते काम माझ्या यादीत पहिलं. मिलीभर चुकीने जीवावर बेतेल अशा औषधांसाठी हा घरगुती काटा वापरू नका.

तपासणी

खरं औषध ओतून चाचण्या करू नका. रिकाम्या बाटलीत साखरेचा दाट पाक भरा. वीस वेळा मापाने ओता, दहा वेळा नुसती उचलून ठेवा, पाच वेळा बाटली ओल्या हाताने धरा, दोनदा मुद्दाम सांडा. प्रत्येक वेळी कागदावर पेन्सिलने लिहा आणि शेवटी नोंदींशी ताडून बघा. माझ्याकडे ओल्या हाताच्या चाचणीत गडबड निघाली. बुडाला लागलेलं पाणी दोन-तीन ग्रॅम भरलं आणि डोस तेवढा कमी दिसला, डोस धरायची खालची हद्द १६ ग्रॅमपर्यंत खाली नेली ती तेव्हाच.

आईच्या घरात ठेवणं एक आणि शेजारणीला विकणं दुसरं. विकायचं ठरवलंत तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ बघावे लागतील, ते काम केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे आहे.

शेवटची पायरी, बाटली संपणं

रोज ३० मिली म्हणजे २०० मिलीची बाटली आठवडासुद्धा पुरत नाही, आणि ती संपते नेमकी रविवारी. नवी बाटली ठेवली की पाट भरलेलं वजन लिहून ठेवतो. त्यातून २६६ ग्रॅम औषध वजा केलं की उरतं बाटलीचं वजन. औषध ८० ग्रॅमच्या खाली गेलं, म्हणजे चार डोस उरले, की पिवळा दिवा लागतो आणि मला मेसेज सुटतो. दिवा लागला की आई लगेच फोन करते. मेसेज त्यानंतर दोन मिनिटांनी येतो.