आरसा आणि टॉर्च घेऊन आपलेच दात-हिरड्या ओळखायला शिका

डेंटिस्टच्या खुर्चीत आपण आ करून पडलेलो असतो आणि डॉक्टर असिस्टंटला सांगत असतात, "वन सिक्स मेझियल, फोर सिक्स मिसिंग, इथे पॉकेट पाच", आणि आपल्याला त्यातलं काहीच कळत नाही. खरंतर हे अर्ध्या तासात शिकता येतं आणि प्रत्येकाला यावं असं मला मनापासून वाटतं, कारण हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा दुखतच नाही, तो लवकर पकडायचा तर बघूनच पकडावा लागतो. हात धुवा, चूळ भरा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि आरशासमोर उभे राहा.

आधी मोजणी. वरच्या दोन मधल्या दातांमधल्या फटीपासून सुरू करा आणि उजवीकडे जात जात मागे जा. पहिले दोन पटाशीचे, तिसरा टोकदार तो सुळा, मग दोन उपदाढा, मग तीन दाढा, त्यातली शेवटची अक्कलदाढ. झाले आठ. असे चार भाग म्हणून 32, पण कित्येकांना एखादी अक्कलदाढ येतच नाही किंवा हाडातच अडकून राहते, त्यामुळे 28 भरले तरी घाबरायचं कारण नाही. दुधाचे दात 20 असतात, त्यात उपदाढा नसतातच.

आता डॉक्टरांचे नंबर. तोंडाचे चार भाग, वरचा उजवा 1, वरचा डावा 2, खालचा डावा 3, खालचा उजवा 4, आणि हे उजवं-डावं पेशंटचं, बघणाऱ्याचं नाही. भागाचा आकडा आधी, मधून मोजलेला दात नंतर. म्हणजे 16 म्हणजे वरच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ, आणि ते "सोळा" नाही तर "एक सहा" असं वाचायचं. दुधाच्या दातांना भाग 5 ते 8. चार्ट आणि एक्सरे हे डॉक्टर समोर उभे असल्यासारखे असतात, तुमची उजवी बाजू कागदाच्या डावीकडे येते, इथे भलेभले गोंधळतात. आणि एखादा दात काढलेला असला तरी बाकीच्यांचे नंबर सरकत नाहीत, तारा लावायच्या आधी चार नंबर काढला असेल तर सुळ्याच्या शेजारी थेट पाच येतो. अमेरिकेत मात्र 1 ते 32 असे सरळ नंबर देतात, तिथल्या रिपोर्टमधला 16 म्हणजे वरची डावी अक्कलदाढ, तेव्हा रिपोर्ट कुठला आहे ते बघून घ्या.

घरात लहान मूल असेल तर सहा नंबर नीट लक्षात ठेवा. साधारण सहाव्या वर्षी ही दाढ दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आईबाबांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल, आणि कीड लागली तरी दुर्लक्ष होतं. ही कायमची दाढ आहे, तिच्या जागी दुसरी येणार नाही!

दाताच्या बाजूंनाही नावं आहेत. मधल्या रेषेकडची मेझियल, मागची डिस्टल, गालाकडची बकल, जिभेकडची लिंग्वल, वरच्या दातांची टाळूकडची पॅलेटल, आणि चावायची ती ऑक्लुजल. एवढी पुरतात.

दाताच्या आत काय आहे ते आरशात दिसत नाही पण दुखणं समजायचं तर माहीत हवं. वरचं कवच इनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, साधारण 96 टक्के खनिज, पण त्यात जिवंत पेशी नसतात म्हणून गेलेलं इनॅमल परत उगवत नाही. त्याखाली पिवळसर डेंटिन, त्यात अतिसूक्ष्म नळ्या, आणि मधोमध पल्प म्हणजे नस आणि रक्तवाहिन्या. डेंटिन उघडं पडलं की थंड पाण्याने त्या नळ्यांमधला द्रव हलतो आणि नसेपर्यंत सणक जाते. सणक आली आणि दोन-तीन सेकंदात गेली तर नस बहुधा वाचण्यासारखी असते. गरम प्यायल्यावर दुखायला लागलं आणि मिनिटभर थांबेना, किंवा रात्री झोपेतून उठवणारा ठणका असेल, तर बहुतेक वेळा नस गेलीच म्हणून समजा आणि रूट कॅनलची तयारी ठेवा. अजून एक गोष्ट, नसेचं दुखणं नेमकं कुठल्या दातात आहे ते आपल्याला सांगता येत नाही, वरचा की खालचा इथपर्यंत गोंधळ होतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये लिगामेंटचा, म्हणजे दाताला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंचा, एक पातळ थर असतो, तिथवर सूज पोचली की मग चावताना दुखतं आणि बोट ठेवून दाखवता येतं की हाच तो दात.

त्या लिगामेंटमुळेच आणखी एक नियम आहे. मार लागून कायमचा अख्खा दात बाहेर आला तर मुळाला हात लावायचा नाही, पांढऱ्या भागाला धरायचं, घाण असेल तर दुधाने किंवा वाहत्या पाण्याखाली क्षणभर विसळायचं, घासायचं अजिबात नाही, कारण मुळावरच्या पेशी मेल्या की दात परत धरत नाही. जमलं तर तिथल्या तिथे जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात ठेवून लगेच डेंटिस्टकडे, अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

आता हिरड्या, इथे घाई करू नका. ओठ वर उचला. दाताला लागून हिरडीची बारीक कडा दिसेल, ती सुटी असते, तिच्या आणि दाताच्या मध्ये छोटी खाच असते. डॉक्टर ज्या बोथट सळीने टोचल्यासारखं करतात ती या खाचेची खोली मोजते, एका दाताला सहा ठिकाणी. 1 ते 3 मिलिमीटर ठीक, 4 किंवा त्याहून जास्त झालं की त्याला पॉकेट म्हणतात आणि तिथे ब्रश पोचत नाही. कडेच्या वरचा घट्ट भाग हाडाला चिकटलेला असतो, त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक ठिपके दिसले तर छान, नाही दिसले तरी लगेच आजार असं नाही. दोन दातांच्या मधलं हिरडीचं त्रिकोणी टोक बघा, ते फुगलेलं, गोलसर, चकचकीत लाल झालंय का? सूज पहिल्यांदा तिथेच कळते. रंग गुलाबीच हवा असं नाही, बऱ्याच जणांच्या हिरड्या मुळातच तपकिरी-काळपट असतात आणि तो नैसर्गिक रंग आहे. लक्ष द्यायचं ते बदललेल्या रंगाकडे.

ब्रश करताना रक्त आलं की लोक तिथे ब्रश लावायचं सोडतात, आणि नेमकं हेच करू नये. रक्त येतं ते बहुतेक वेळा तिथे प्लाक म्हणजे जंतूंचा चिकट थर साठून हिरडी सुजल्यामुळे, त्यामुळे मऊ ब्रशने तिथे जास्त नीट साफ करायचं. या टप्प्याला जिंजिव्हायटिस म्हणतात आणि तो पूर्ण बरा होतो. पुढे हाड झिजायला लागलं की ते पेरिओडोन्टायटिस, तिथे गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही. आठवडा-दोन आठवडे नीट ब्रश करूनही रक्त थांबत नसेल तर दाखवाच. सिगारेट ओढणाऱ्यांनी तर जास्त जपावं, त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आजार झाकला जातो.

टॉर्च खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला मारा. पिवळा कडक थर दिसला तर ते कीटण, म्हणजे टार्टर. तिथेच आधी का साठतं? कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिभेखाली तिथेच उघडतात आणि लाळेतल्या खनिजांनी प्लाक घट्ट होतो. ते ब्रशने निघत नाही, स्केलिंगच लागतं, म्हणजे डॉक्टरांकडून खरवडून साफ करून घ्यावं लागतं. वरच्या सात नंबरसमोर गालावर बारीक उंचवटा दिसेल, तो गाठ नाही, तेही लाळेच्या नळीचंच तोंड आहे.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना मोबाईलमध्ये लिहून न्या: कुठला नंबर, कुठली बाजू, थंड का गरम, किती वेळ टिकतं, चावताना दुखतं का, रक्त कुठे येतं. "इकडे कुठेतरी दुखतंय" यापेक्षा "दोन सहा, मागच्या बाजूला, थंड लागलं की सणक, लगेच जाते" असं सांगितलंत तर तपासणी थेट त्या दाढेपासून सुरू होते.