वाचायच्या पुस्तकांची यादी कशी ठेवावी

वाचायच्या पुस्तकांची यादी एकाच ठिकाणी असावी. वही, स्प्रेडशीट किंवा गुडरीड्स (पुस्तकांच्या नोंदी ठेवण्याचे संकेतस्थळ व ॲप) यांपैकी काहीही चालेल, मात्र नोंदी विखुरल्या की यादीचा उपयोग संपतो. प्रत्येक नोंदीत शीर्षक व लेखक यांबरोबर, अनुवादित पुस्तक असल्यास अनुवादकाचे नावही लिहावे, आणि विशिष्ट आवृत्तीच हवी असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, टिपून ठेवावा, कारण हा क्रमांक (2007 पासून तो 13 अंकी आहे) प्रत्येक आवृत्तीला वेगळा मिळतो.

माझ्या मते सर्वांत मोलाचा रकाना मात्र ‘हे पुस्तक का वाचायचे’ हा आहे. कोणी सुचवले, कोणत्या लेखात उल्लेख आला, कोणत्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळेल असे वाटले, हे त्याच वेळी एका वाक्यात लिहिले नाही, तर काही महिन्यांनी समोर केवळ नाव उरते आणि त्यामागचे कुतूहल आठवत नाही.

मुख्य यादी कितीही वाढली तरी हरकत नाही. तिच्यातून चार-पाच पुस्तकांची छोटी यादी वेगळी काढावी, तीत जाड ग्रंथासोबत एखादे लहान पुस्तकही ठेवावे, आणि एक वाचून झाल्याशिवाय दुसरे तीत घेऊ नये.

दर तीन महिन्यांनी मुख्य यादी वाचून, ज्या नोंदीचे कारण आता पटत नाही ती निःसंकोच काढावी. ॲप वापरणाऱ्यांनी त्याच वेळी यादीची प्रत सीएसव्ही फाइलमध्ये (स्प्रेडशीटमध्ये उघडता येणाऱ्या साध्या फाइलमध्ये) उतरवून घ्यावी. गुडरीड्समध्ये तशी सोय आहे.