३७ पॅटर्न वेबिंग जमवायचंय? मग पाऊच आधी उलटा करून बघा

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ सैनिकांचं, १९३७ च्या नमुन्याचं कापडी सामान म्हणजे ३७ पॅटर्न वेबिंग. जाड विणीचा सुती कमरपट्टा, पितळी बकलं, खांद्यावरून जाणारे ब्रेसेस, पुढे दारूगोळ्याचे दोन पाऊच, पाण्याची बाटली, हॅवरसॅक म्हणजे सामानाची पिशवी. इटलीत १९४४ ला यशवंत घाडगे आणि १९४५ ला नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या मराठा पलटणींच्या अंगावरही हेच होतं.

नवीन माणूस काय करतो, अख्खा सेट एका दमात घेतो आणि मग कळतं की बेल्ट कॅनडाचा, ब्रेसेस बेल्जियमचे आणि हॅवरसॅक तर परवा शिवलेली. तसं करू नका. एकच वस्तू धरा आणि तिच्या सगळ्या तऱ्हा गोळा करा, माझं मत विचाराल तर बेसिक पाऊच, म्हणजे पुढचे ते दोन, कारण तो भरपूर बनला त्यामुळे त्यातल्या त्यात स्वस्त पडतो आणि फरक मात्र बघावे तेवढे. मार्क १, म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या, आत छोट्या काडतुसांसाठी शिवलेले लूप असतात, रायफलवरून ग्रेनेड उडवायची काडतुसं ती. मार्क २ मध्ये लूप गेले. मार्क ३ थोडा उंच, स्टेनगनची लांब मॅगझिन बसावी म्हणून. विकणारा तुम्हाला पुढची बाजू दाखवणार, तुम्ही झाकण उघडून आत बघा, मग उलटा करून मागचे हुक बघा, शिलाई बघा, कुठलं टोक दुमडलंय ते बघा. खरी माहिती सगळी मागेच असते.

ब्रेसेसचंही तसंच. सुरुवातीच्या चांगल्या मालात खांद्यावरचा रुंद भाग एकसंध विणलेला असतो, पट्टा विणतानाच रुंद होत जातो. युद्धात काटकसर सुरू झाल्यावर अरुंद पट्टीवर वेगळा रुंद तुकडा शिवून काम भागवलं. बोट फिरवलं तरी कळतं.

आता शिक्के. बाण म्हणजे सरकारी माल. सी च्या पोटात बाण असला तर कॅनडा, दोन डी च्या मध्ये बाण ऑस्ट्रेलिया, बाणाखाली आय असला तर आपल्याकडचा. शेजारी बनवणाऱ्याची अक्षरं आणि साल. एम. ई. को. म्हणजे मिल्स कंपनी, ज्यांनी हे विणायचं तंत्र चालवलं. ए. बी. एल. दिसलं की थांबा, ते बेल्जियन सैन्याचं, आणि बरेचदा १९५० नंतरचं, पण बाजारात बिनधास्त महायुद्धाचं म्हणून खपतं. आपल्याकडेही १९४७ नंतर हाच नमुना बनत राहिला, म्हणून साल वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

हिंदुस्थानात बनलेल्या मालाला बाहेरचे कलेक्टर बरीच वर्षं नाक मुरडायचे. रुंद वेबिंग विणायचे माग पुरेसे नसल्यामुळे इथे अरुंद पट्ट्या जोडून काम केलं, वीण जाडीभरडी, हार्डवेअर ओबडधोबड. पण म्हणूनच प्रत्येक नग वेगळा निघतो, आणि व्हेरिएशन जमवणाऱ्याला अजून काय पाहिजे!

नकली माल ओळखायला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च ठेवा. आजचा धागा बऱ्याचदा निळसर पांढरा चमकतो, जुना सुती धागा मंद राहतो. पण कोणी मधे डिटर्जंटने धुतलं असेल तर अस्सल मालही चमकतो, म्हणून नुसत्या टॉर्चवर निकाल देऊ नका, शिलाई आणि शिक्क्याची शाई पण बघा. शाई कापडात मुरलेली हवी, वर बसलेली नको.

शोधायला मुंबईचा चोर बाजार आहे, पुण्याचा जुना बाजार बुधवारी-रविवारी भरतो. 'साहेब, एकदम रेअर पीस' हे वाक्य तिथे गंजलेल्या कुलपाबद्दलही ऐकू येतं, तेव्हा चेहरा कोरा ठेवा. पाऊचमध्ये चुकून जिवंत काडतूस निघालं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, लायसन्सशिवाय ते जवळ ठेवणं गुन्हा आहे. आणि पहिल्या महायुद्धातलं १९०८ पॅटर्न घेत असाल तर ते आता शंभरी पार आहे, देशाबाहेर पाठवायचा विचार असेल तर आधी १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचून घ्या.

घरी आणल्यावर धुवायचं नाही. वरचा हिरवट थर बहुतेक वेळा ब्लँको, म्हणजे वेबिंगला लावायचा रंगलेप असतो, सैनिकाने स्वतः घासून लावलेला, तो गेला की परत येत नाही. मऊ ब्रशने धूळ झाडा, पितळेवर हिरवा गंज चढला असेल तर लाकडी टूथपिकने खरवडा, ब्रासोची बाटली लांब ठेवा कारण ती कापडावर डाग पाडते. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलंत तर गणपतीपर्यंत बुरशी धरलीच समजा, त्यापेक्षा जुन्या धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून सिलिका जेलबरोबर डब्यात ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघा.